तीर्थ म्हणजे उतार : भद्रावतीची जलपरंपरा आणि जैन शिल्पदृष्टी

'तीर्थ' हा शब्द जैन समाजाच्या नित्य बोलण्यातला. तीर्थयात्रा, तीर्थरक्षा, तीर्थंकर असे त्याचे किती तरी रूपविस्तार रोज ओठांवर असतात. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ पाण्याशी निगडित आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. नदी जेथे सुखरूप ओलांडता येते तो उतार, किंवा पायऱ्यांनी पाण्यापर्यंत नेणारा घाट, म्हणजे तीर्थ. संसारसागर पार करण्यासाठी जे असा उतार घडवितात ते तीर्थंकर. धर्माची सर्वांत मोठी संज्ञाच ज्या परंपरेने पाणवठ्यावरून घेतली, तिच्या शिल्पकलेत पाण्याला मोठे स्थान असावे, यात नवल नाही.

हे स्थान किती मोठे आहे, हे कोणत्याही जिनालयात उभे राहिले तरी दिसते. चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांपैकी पद्मप्रभूंचे रक्तकमळ, सुविधिनाथांचा मगर, मुनिसुव्रतस्वामींचे कासव, नमिनाथांचे नीलकमळ आणि नेमिनाथांचा शंख ही पाच लांछने थेट पाण्यातली आहेत. त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांत पूर्णकलश, पद्मसरोवर आणि क्षीरसागर ही तीन स्वप्ने जलाची आहेत. अष्टमंगलात कलश आहे, मत्स्ययुगल आहे. श्राविकांच्या हातून पाटावर तांदळाने रेखाटले जाणारे हे अष्टमंगल म्हणजे एका अर्थाने घरोघरी जपलेले जलशिल्पच होय.

अशा समाजाचे एक प्राचीन तीर्थ भद्रावतीसारख्या तलावांच्या गावी असावे, हा योग विचार करण्यासारखा आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या योगाचा इतिहास पाहणे उचित ठरेल.

प्राचीन भांदक

चंद्रपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर वसलेल्या भद्रावतीचे जुने नाव भांदक. रेल्वे स्थानकाने ते नाव अद्याप राखले आहे. १८७३-७४ च्या सुमारास पुरातत्त्व विभागाचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी येथील अवशेषांची पाहणी केली आणि सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने वर्णिलेली कोसल देशाची राजधानी ती हीच, असे मत मांडले. पुढील विद्वानांत या मताविषयी एकवाक्यता झाली नाही; परंतु गावाच्या प्राचीनत्वाविषयी कोणालाच शंका नाही. राष्ट्रकूट नृपती कृष्ण पहिला याचा शके ६९४ चा, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट येथेच मिळाला. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावाशी जोडले जाते, तोच हा राजा.

विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत, गावात भद्रनागाचे मंदिर आहे, गवराळ्याला गणेशाचे स्थान आहे आणि केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ आहे. चार परंपरा एका शिवारात शतकानुशतके नांदल्या. चौघींना बांधून ठेवणारी वस्तू एकच होती : येथले पाणी. मोठी वस्ती, देवळे, मठ आणि यात्रेकरू यांचा भार पेलणारे जलाशय असल्याशिवाय असे नगर उभे राहत नाही.

डोलारा तलावाचा पूल

या जलसंस्कृतीचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे डोलारा तलावातील प्राचीन दगडी पूल. तलावातील बेटाकडे नेणारा हा पूल इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांच्याही नजरेत भरला. १३६ फूट लांब व ७ फूट रुंद, अवजड खांबांच्या दोन रांगांवर तोललेला, अशी त्याची नोंद त्यांनी केली आहे.

या पुलाची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात कमान नाही. खांब उभे करायचे, त्यांवर आडव्या शिळा टाकायच्या आणि वर फरसबंदी करायची, ही मंदिराच्या मंडपाचीच पद्धत येथे पाण्यात उतरविली आहे. दगड दाब उत्तम सोसतो, पण आडवा टाकला की वाकण्याचा ताण त्याला फार सोसवत नाही. त्यामुळे दोन खांबांतले अंतर बेताचेच ठेवावे लागते आणि खांबांची संख्या वाढते. पुलाला जी लय आली आहे, ती या गरजेतून आली आहे. खांबामागे खांब, मध्ये पाण्याचा पट्टा, पुन्हा खांब, अशी ती ओळ मंडपातल्या स्तंभावलीसारखी दिसते. देवळे बांधणाऱ्या हातांनीच हा पूल उभा केला असावा, असे त्याकडे पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

पाण्यातल्या बेटाकडे पुलावरून जाण्याची कल्पना जैन मनाला अपरिचित नाही. बिहारमधील पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. त्यांच्या अग्निसंस्काराच्या जागेवरची रक्षा आणि माती मस्तकी लावण्यासाठी लोकांनी इतकी नेली की तेथे खड्डा पडला, त्यात पाणी साचले आणि कमळांचे सरोवर झाले, अशी श्रद्धा आहे. त्या सरोवराच्या मध्यभागी जलमंदिर आहे आणि तेथे जाण्यासाठी दगडी पूल आहे. भाविक पाण्यावरून चालत भगवंतांच्या पादुकांपर्यंत पोहोचतो. उतार, पलीकडचा तीर आणि त्यांना जोडणारी वाट, म्हणजे 'तीर्थ' शब्दाचा संपूर्ण अर्थ तेथे दगडात उभा आहे. डोलाऱ्याचा पूल कोणत्या देवतेसाठी बांधला गेला, यापेक्षा तो याच भारतीय कल्पनेतून जन्मला, हे महत्त्वाचे.

पार्श्वप्रभू आणि महापूर

पार्श्वनाथांची मूर्ती हे तर पाण्याच्या कथेचेच शिल्प आहे. कमठाचा जीव मेघमाली होऊन आला आणि ध्यानस्थ प्रभूंवर त्याने प्रलयकारी पाऊस पाडला. पाणी चढत चढत नासिकेपर्यंत आले, तरी प्रभू ढळले नाहीत. तेव्हा धरणेंद्राने चरणांखाली कमळ धरले आणि मस्तकावर फण्यांचे छत्र उभारले. वेरूळच्या जैन लेण्यांत, विशेषतः इंद्रसभेत, हा उपसर्ग पुन्हा पुन्हा कोरलेला आढळतो. भोवती आक्रमक आकृतींचा कल्लोळ आणि मध्यभागी निश्चल प्रभू, अशी ती मांडणी आहे.

भद्रावतीची श्यामवर्णी, अर्धपद्मासनस्थ मूर्ती याच परंपरेतली. आज नागफण्यांचे छत्र पाहताना भाविकाला सर्प आठवतो, पाऊस आठवत नाही. वस्तुतः ते छत्र पावसासाठीच आहे. भांदकच्या अरण्यातला आषाढ-श्रावण ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना मेघमालीचे तांडव कल्पनेने उभे करावे लागत नाही. त्याच गावात भद्रनागाची पूजा व्हावी, हेही सुसंगत आहे. भारतीय लोकमानसात नाग हा पाण्याचा राखणदार आहे. वारूळ, विहीर आणि तळे ही त्याची ठाणी आहेत.

दोन राजे आणि दोन डबकी

वऱ्हाडातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा सर्वश्रुत आहे. एलिचपूरचा राजा श्रीपाल कुष्ठरोगाने पीडित होता. वनात फिरताना त्याने एका डबक्याच्या पाण्याने हातपाय व तोंड धुतले. घरी आल्यावर राणीच्या लक्षात आले की पाणी लागले तेवढे अंग निर्मळ झाले आहे. पुढे त्या जलातूनच प्रभूंची मूर्ती प्रकट झाली. मागे वळून पाहू नये ही अट राजाने मोडली आणि मूर्ती जागीच अधांतरी थांबली, असे परंपरा सांगते.

आता चांद्याच्या गोंड राजघराण्याची कथा पाहावी. पंधराव्या शतकातील खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर बरे न होणारे फोड होते. शिकारीत तहानेने व्याकूळ होऊन तो झरपटीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. एका लहानशा खड्ड्यात त्याला पाणी मिळाले. तो पाणी प्याला, तोंड धुतले आणि त्या रात्री शांत झोपला. सकाळी राणीने पाहिले तो फोड नाहीसे झालेले. खड्डा साफ केल्यावर खडकात गाईची पाच पावले दिसली आणि त्यांतले पाणी आटेना. तेथे अचलेश्वराचे स्थान झाले आणि पुढे चांदा नगर वसले.

दोन समाज, दोन दैवते, दोन राजे. कथेचा सांगाडा मात्र एकच. रोगी राजा, दुर्लक्षित डबके, राणीची नजर आणि पाण्याकाठी उभे राहिलेले तीर्थ. कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न गौण आहे. विदर्भातील माणसाने, मग तो गोंड असो की जैन, लहानशा पाणवठ्यात दैवत पाहिले आणि त्याचे ऋण वास्तूच्या रूपाने फेडले, हा या कथांचा आशय आहे.

भद्रावतीच्या तीर्थाचा धागाही शिरपूरशी जुळलेला आहे. विक्रम संवत १९६६ मध्ये (इ. स. १९१०) अंतरिक्षजी तीर्थाचे व्यवस्थापक चतुर्भुजभाई यांना स्वप्नात नागदेवाने भांदकच्या अरण्यातील प्राचीन मंदिर दाखविले, अशी तीर्थाची परंपरा आहे. त्यावरून शोध झाला, चांद्याच्या संघाने जीर्णोद्धार हाती घेतला आणि संवत १९७६ मध्ये (इ. स. १९२०) प्रतिष्ठा झाली. 'स्वप्नदेव' हे नाव त्यातूनच आले.

दानातली पोढी

पाण्याचे दान हे व्यापारी वर्गाचे जुने व्रत आहे. महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत 'पोढी' हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. पुणे जिल्ह्यातील मावळात पाले येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लहान लेख आहे. अरिहंतांना नमन करून त्याचा आरंभ होतो आणि इंदरखित नावाच्या भदंताने लेणे व पोढी करविल्याची नोंद त्यात येते. महाराष्ट्रातील हा सर्वांत जुना जैन लेख, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे या भूमीतील जैन इतिहासाच्या पहिल्याच पानावर पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. निवारा आणि पाणी यांचे दान एका वाक्यात यावे, यापरते समर्पक मंगलाचरण कोणते?

विदर्भात आलेल्या बहुतेक जैन घराण्यांचे मूळ मारवाड, गुजरात वा कच्छात आहे. त्या कोरड्या मुलखांनी पाण्याच्या कलेचा कळस गाठला. जैसलमेरच्या पटवा घराण्याने एकोणिसाव्या शतकात अमरसागर तलावाच्या काठी आदिनाथांचे नक्षीदार जिनालय उभारले. पाटणची राणी की वाव अकराव्या शतकात राणी उदयमतीने बांधविली. २०१४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली आणि २०१८ पासून शंभर रुपयांच्या नव्या नोटेवर तिचे चित्र आहे. प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यातून ही वाव दिवसभरात कित्येकदा इकडून तिकडे जाते. ती विहीर आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते.

गरण्याचे कापड

या मोठ्या वास्तूंपेक्षाही जैन घरातील एक वस्तू पाण्याविषयीची दृष्टी अधिक स्पष्ट करते. ती म्हणजे गरणे. पाणी हे केवळ जिवांचे घर नसून स्वतः अप्काय, म्हणजे जीव आहे, ही जैन दर्शनाची शिकवण. म्हणून पाणी गाळून घ्यायचे आणि गाळलेले सूक्ष्म जीव ज्या जलाशयातून पाणी आणले त्याच जलाशयात हळुवारपणे परत सोडायचे.

गरण्याचे कापड कसे असावे, याचेही शास्त्र ठरलेले आहे. ते घट्ट विणीचे, सुती आणि दुहेरी घडीचे हवे. विरळ विणीचे कापड दिसायला पांढरेशुभ्र असले तरी गरण्याच्या कामाचे नाही. कोऱ्या कापडातली खळ आधी धुवून काढावी लागते, नाहीतर ती पाण्यात उतरते. सहा-सात दशकांपूर्वी विहिरीवर जाणाऱ्या जैन गृहिणीच्या कमरेला बहुधा असे कापड खोचलेले असे. विहिरीचे पाणी विहिरीला आणि तळ्याचे तळ्याला, हा नियम तिला कोणी पुस्तकातून शिकविला नव्हता. नळ आले, यंत्रे आली आणि पाणी कोठून येते हा प्रश्नच घरातून नाहीसा झाला.

तलाव खचले, सुशोभीकरण वाढले

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया हा तलावांचा मुलूख. तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची रीत गोंड राजवटीत होती, असे जुने अहवाल सांगतात. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. पाळ, तुडूम आणि सांडवा या तीन अंगांवर तलाव जगत असे. गावकरी दरवर्षी गाळ काढीत, पाळीला माती देत आणि तुडुमाच्या पाण्याची वाटणी ठरवीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. परंतु तलाव सरकारी झाले आणि गावाची निगराणी सुटली. गाळ साचला, जलपर्णी पसरली, गटारे तळ्याकडे वळली, काठाची जमीन आक्रसली. चंद्रपूरच्या ऐतिहासिक रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांना अन्नत्याग सत्याग्रह करावा लागला, यावरून स्थितीची कल्पना यावी.

याच काळात तळ्यांच्या सुशोभीकरणाची लाट आली. सिमेंटची भिंत, रंगीत दिवे, कारंजे आणि काठावर एखादा पुतळा, एवढ्यात तलावाचा गौरव झाला असे मानले जाऊ लागले. परंतु सिमेंटच्या उभ्या भिंतीने माणूस पाण्यापासून तुटतो आणि आजूबाजूचे पावसाचे पाणी तळ्यात यायचे थांबते. जुन्या घाटाची पायरी माणसाला पाण्यापर्यंत उतरवीत असे. उन्हाळ्यात किती पायऱ्या उघड्या पडल्या यावरून गावाला टंचाईची चाहूल लागे. पायरी हे शिल्पही होते आणि मापही होते. नव्या भिंतीजवळ यांपैकी काहीच नाही.

सातव्या व्रताचा प्रश्न

या ठिकाणी जैन समाजापुढे एक थेट प्रश्न उभा राहतो. श्रावकाच्या सातव्या, भोगोपभोग परिमाण व्रतात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. ज्या धंद्यांत अपार हिंसा घडते, ते धंदे श्रावकाने करू नयेत, अशी ही यादी आहे. त्यात 'सर-द्रह-तडाग-शोषण', म्हणजे सरोवर, डोह व तलाव सुकविणे, याचा स्पष्ट उल्लेख आहे. संवत्सरी प्रतिक्रमणात अतिचार वाचले जातात, तेव्हा प्रत्येक श्रावक या शब्दांसाठी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. शब्द कानांवरून जातात. त्यांचा अर्थ मात्र आजच्या काळात अधिकच धारदार झाला आहे. तळे बुजवून पाडलेला भूखंड विकणे वा घेणे, सांडपाणी तळ्यात सोडणे, पाळ फोडून रस्ता काढणे, हे सर्व त्याच शोषणाचे नवे प्रकार होत. नगरपालिकेच्या दृष्टीने तो नियमभंग असेल. श्रावकाच्या दृष्टीने तो व्रतभंग आहे.

त्याच यादीत भूमी खोदण्याच्या धंद्याचाही निषेध आहे, हेही लक्षात घ्यावे. म्हणून उगाच नवे खोदण्यापेक्षा जे आहे ते जपणे, हीच शास्त्राला अधिक धरून चालणारी वाट ठरते. जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या मंदिरापेक्षा अधिक, असे समाज मानतोच. जिनालयाला जो न्याय, तोच जलाशयाला लावावयास हवा.

सुवर्णमहोत्सवाचे स्मारक

सुवर्णमहोत्सव म्हटला की स्मारकाची कल्पना पुढे येतेच. कमान, कारंजे, संगमरवरी फलक यांची चर्चा सुरू होते. भद्रावतीच्या इतिहासाचा कौल घेतला तर स्मारकाचा मार्ग वेगळा दिसतो. पहिले काम पाण्याचे. गाळ, जलपर्णी व सांडपाणी यांचा बंदोबस्त झाल्यावाचून काठावर एकही दगड बसवू नये. डोलाऱ्याच्या प्राचीन पुलाला हौसेचे सिमेंट लागू नये. त्याची निगा पुरातत्त्वाच्या जाणकारांवर सोपवावी. त्यानंतर, प्राचीन वास्तूपासून दूर, एक साधा दगडी घाट बांधावा. त्याच्या पायऱ्यांवर पाण्याची पातळी दाखविणाऱ्या खुणा कोराव्यात आणि बाजूला पाच जललांछने व मत्स्ययुगल यांचे मृण्मय शिल्पपट बसवावेत.

या शिल्पांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने भद्रावतीच्या कुंभारकामाला देशभर ओळख मिळवून दिली. माती आणि पाणी यांच्या मेळातूनच मडके घडते. पाण्याचे शिल्प याच गावच्या मातीत व्हावे, हे औचित्याचे होईल. घाटावर दात्यांच्या नावांची लांबलचक यादी नसावी. पाल्याच्या लेखाने दोन हजार वर्षे टिकण्यासाठी मोजकेच शब्द वापरले. आणि दर वर्षी अक्षय्य तृतीयेला, वर्षीतपाच्या पारण्याच्या दिवशी, संघाने घाटावर जमून पाण्याची पातळी वहीत नोंदवावी. दुकानाची वही दिवाळीला बदलते. पाण्याची वही मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच राहावी.

अशा घाटावर गोंड, बौद्ध, हिंदू, मुस्लिम, जैन असा भेद राहणार नाही, कारण तहानेला पंथ नसतो. ज्या गावाने चार परंपरांना एका पाण्यावर सांभाळले, त्या गावाचे ऋण फेडण्याची ही संधी आहे. डोलाऱ्याचा पूल बांधणाऱ्यांची नावे काळाच्या ओघात गेली, तरी त्यांनी घातलेली वाट उभी आहे. धरणेंद्राचे छत्र ज्यांच्या मस्तकी आहे, त्या स्वप्नदेव केसरिया पार्श्वप्रभूंच्या कृपेने संघाच्या हातून एक उतार घडावा आणि भद्रावतीचे जल निर्मळ राहावे, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.